आधी वॉचमन, मग डॉक्टर: रासायनिक, जैविक आणि किरणोत्सारी आपत्तीसाठी रुग्णालयाला तयार करताना

२० मार्च १९९५ च्या सकाळी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हे विष सोडलं गेलं. जवळच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात त्या एका दिवसात ६४० रुग्ण आले. त्यातले बहुतेक ॲम्ब्युलन्समधून आलेच नाहीत. कुणी चालत आले, कुणाला टॅक्सीवाल्यांनी आणून सोडलं, आणि सगळे अंगावरच्या त्याच कपड्यांत आत शिरले. रुग्णालयाला आधी निरोप होता गॅसच्या स्फोटाचा. नंतर तिथल्या ४७२ कर्मचाऱ्यांकडे विचारणा झाली, तेव्हा ११० जणांनी स्वतःला त्रास झाल्याचं सांगितलं. जागा पुरेना म्हणून रुग्णालयाच्या चॅपेलमध्ये रुग्ण ठेवले होते. तिथे हवा खेळती नव्हती, आणि सर्वाधिक त्रास तिथे काम करणाऱ्यांनाच झाला.

हा प्रसंग मी प्रत्येक प्रशिक्षणाच्या सुरुवातीला सांगते, कारण आपल्याकडे हे प्रशिक्षण नेमकं उलट्या टोकाने सुरू होतं. वातानुकूलित सभागृहात डॉक्टरांना विषांचं रसायनशास्त्र शिकवलं जातं, शेवटी चहा आणि प्रमाणपत्र. गेटवरचा वॉचमन, कॅज्युअल्टीतला मामा, स्ट्रेचर पुसणारी मावशी मात्र त्या सभागृहात नसतात. विषाने माखलेला माणूस पहिल्यांदा हात धरतो तो त्यांचाच. म्हणून या लेखातला क्रम गेटपासून आत जातो.

शिकवण्याआधी नकाशा काढा

रुग्णालयापासून पंधरा-वीस किलोमीटरच्या परिघात काय काय आहे, हे एका कागदावर मांडा. तारापूर, रोहा, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभ, डोंबिवली या पट्ट्यातल्या रुग्णालयांना कारखाने डोळ्यांसमोरच दिसतात. पण धोका फक्त एमआयडीसीतच असतो असं नाही. नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीनचे टनर, म्हणजे टनभर वायूची मोठी नळकांडी, असतात. कोकण किनाऱ्यावरच्या बर्फाच्या कारखान्यांत आणि शीतगृहांत अमोनिया असतो. मैला टाकीत उतरलेल्या माणसाला मारणारा हायड्रोजन सल्फाइड तर प्रत्येक गावात आहे. शिवडीला जुलै २०१० मध्ये बंदराच्या आवारात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला होता. तिथे कुठला कारखाना नव्हता.

१९९६ च्या रासायनिक अपघात नियमांनुसार जिल्हा पातळीवर संकटगट असतो आणि मोठ्या धोक्याच्या कारखान्यांची यादी त्याच्याकडे असते. ती यादी मागून घ्या. प्रत्येक कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरचा नंबर आणि तिथल्या रसायनांची एमएसडीएस पत्रकं (रसायनाचे धोके आणि घ्यायची काळजी सांगणारी) कॅज्युअल्टीतल्या एका फाइलमध्ये लावा. भोपाळला २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री हमीदिया रुग्णालयात माणसांचा लोंढा आला, तेव्हा आपण कोणत्या वायूवर उपचार करतोय हेच तिथल्या डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. ही फाइल त्या रात्रीसाठी आहे. संगणकात ठेवलीत तर पासवर्ड असलेला माणूस नेमका रजेवर असेल, छापून ठेवा.

कुणाला किती शिकवायचं

सगळ्यांना सगळं शिकवायला जाऊ नका. तीन थर करा.

पहिल्या थरात रुग्णालयातला प्रत्येक माणूस येतो: कंत्राटी सफाई कामगार, कँटीनवाला, केसपेपर काढणारे क्लार्क, ॲम्ब्युलन्सचालक. यांना एक तास पुरे. दुसरा थर म्हणजे निर्जंतुकीकरणासारखंच, पण विष उतरवण्याचं काम करणारी तुकडी. हिला मी साध्या भाषेत धुलाई पथक म्हणते, आणि नाव चटकन रुळतं. वीस-पंचवीस जण, दोन दिवसांचं हातकाम. पंचवीस अशासाठी, की तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्ट्या आणि दिवाळीच्या रजा वजा केल्यावर एका वेळी हातात सहा जण उरतात. सहाच्या खाली हे काम होत नाही. तिसरा थर कॅज्युअल्टी, आयसीयू आणि भूलतज्ज्ञांचा. त्यांना उपचार.

आणि प्रत्येक पाळीत हुकूम कुणाचा चालणार, ते पद आधी ठरवा. व्यक्ती ठरवू नका. रात्री दोन वाजता अधीक्षक घरी असतात. कॅज्युअल्टीतल्या सीएमओला, म्हणजे ड्यूटीवरच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला, गेट बंद करण्याचा अधिकार लेखी दिलेला नसेल, तर तो फोन लावत बसेल.

गेटवरचा एक तास

वॉचमनला सरीन आणि फॉस्जीन या दोन विषांतला फरक सांगायची गरज नाही. त्याला तीन गोष्टी ओळखता आल्या की झालं. एकाच ठिकाणाहून एकाच तक्रारीचे तीन किंवा अधिक रुग्ण थोड्या वेळात आले. रुग्णाच्या कपड्यांना उग्र वास आहे, ओल आहे किंवा पूड लागली आहे. आणणारा माणूसही खोकतोय, डोळे चोळतोय. यातलं एकही दिसलं तर त्याने पुढे चार कामं करायची:

१. स्वतः दोन पावलं मागे आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतोय त्या बाजूला.
२. मुख्य दार बंद, बाजूच्या दारांना कुलूप.
३. रुग्णांना हाताच्या खुणेने, आवाजाने धुलाईच्या जागेकडे वळवायचं. ओढायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही.
४. कॅज्युअल्टीला ठरलेलं वाक्य सांगायचं.

ते वाक्य पाठ करून घ्या. "गेटवर तीन माणसं, एकाच जागेची, वास येतोय, दार लावलंय." बास. एका रुग्णालयात आम्ही यासाठी इंग्रजी रंगांचे कोड ठेवले होते. सरावाच्या दिवशी वॉचमनमामांनी फोनवर भलताच रंग सांगितला आणि वर सगळे लहान मुलांच्या वॉर्डकडे पळाले. तेव्हापासून कोड बंद, सरळ मराठी सुरू.

वारा कुठून येतोय हे कळायला कारखान्यांत असते तशी कापडी पिशवी गच्चीवर लावा. खर्च नगण्य. एसीचा मुख्य स्विच कुठे आहे, हे किमान दोन जणांना प्रत्येक पाळीत ठाऊक हवं. बाहेरची हवा आत ओढणारी यंत्रणा सर्वांत आधी बंद करायची असते.

अंगावर काय चढवायचं

कोविडने एक घोटाळा करून ठेवलाय. पांढरा डगला आणि एन-९५ म्हणजे पीपीई, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. एन-९५ कणांना अडवतो, वायूला नाही. क्लोरीन त्यातून सरळ आत जातो. धुलाई पथकाला रसायनरोधक सूट, दोन थरांचे हातमोजे, गमबूट आणि योग्य फिल्टर बसवलेला पूर्ण चेहऱ्याचा मास्क किंवा पंख्याने गाळलेली हवा देणारा हुड लागतो. दाढीवर घट्ट बसणारा मास्क बसत नाही. त्यामुळे दाढी ठेवणाऱ्या सहकाऱ्याला हुडवालं साधन द्या किंवा दुसरं काम द्या. यावरून कुणाला टोमणे मारू नका.

सूट चढवणं अर्ध्या तासात शिकता येतं. उतरवणं शिकायला दिवस जातो, आणि धोका तिथेच असतो. माझी पद्धत घरगुती आहे: हळद तेलात कालवून सूटच्या पुढच्या बाजूला आणि हातमोज्यांना फासायची, मग उतरवायला लावायचं. ज्याच्या मानेवर, मनगटावर, कानामागे पिवळा डाग दिसेल तो पुन्हा रांगेत. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च मारला तर हळद चमकते आणि डोळ्यांना न दिसलेले डागही सापडतात. दरवेळी जोडीदार समोर उभा राहून मोठ्याने पायऱ्या वाचतो: आधी बाहेरचे हातमोजे, मग सूट आतून बाहेर गुंडाळत खाली, मग बूट, मास्क सर्वांत शेवटी.

उन्हाचं गणित वेगळं करा. मे महिन्यात चंद्रपूर किंवा जळगावला बंद सूटमध्ये माणूस वीस मिनिटांत घामाने निथळतो. पाळी वीस मिनिटांची, नंतर तेवढीच विश्रांती, आधी आणि नंतर पाणी, आणि आत जाण्यापूर्वी रक्तदाब. गरोदर सहकारी, दम्याचे रुग्ण आणि बंद जागेची भीती असलेले लोक यांना या पथकात घेऊ नका. ही भीती सराव होईपर्यंत माणसाला स्वतःलाही ठाऊक नसते, म्हणून पहिल्या दिवशीच दहा मिनिटं पूर्ण सूट घालून बसवा.

धुलाई

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यांत जास्त जीव याच पायरीवर वाचतात आणि सगळ्यांत कमी सराव हिचाच होतो.

जागा इमारतीबाहेर, कॅज्युअल्टीच्या दारापासून थोडी दूर, उताराची, नळ आणि वीज असलेली. पत्र्याची शेड आणि बागेचे चार शॉवर एवढ्यावर सुरुवात होते. जमिनीवर रंगाने तीन पट्टे मारा: लाल, पिवळा, हिरवा. लालमधून हिरव्यात जाणारा रस्ता एकच, उलटं कुणी फिरायचं नाही. उपचार करणारे डॉक्टर हिरव्यात थांबतात. अपवाद एकच: श्वासनलिका मोकळी करणं, रक्तस्राव थांबवणं आणि विषावर उतारा टोचणं ही कामं सूट घातलेला माणूस लालमध्येही करतो. मरणाऱ्याला आधी आंघोळ घाला असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

मग कपडे. बाहेरचे कपडे उतरवले की अंगावरचं बहुतांश विष गेलं, हे पथकाच्या मनावर कोरा. शर्ट डोक्यावरून ओढायचा नाही, कापायचा. नाहीतर तेच विष तोंडावर येतं. अंग द्रवाने ओलं असेल तर आधी टिपकागद किंवा कोरड्या कापडाने टिपून घ्यायचं, घासायचं नाही. जळजळ करणारं आम्ल किंवा अल्कली असेल तर टिपण्यात वेळ न घालवता थेट भरपूर पाणी. पाणी कोमट, धार हलकी, साधा साबण, डोक्यापासून खाली. ब्लीच किंवा ब्रश त्वचेवर वापरू नका. डोळे सलाइनने वेगळे धुवा.

आता खरी अडचण. भर चौकात, नातेवाइकांसमोर, कुठली बाई कपडे उतरवेल? याचं उत्तर तयार नसेल तर पूर्ण योजना कागदावर राहते. जाड पडदे, बायकांची रांग वेगळी, तिथे फक्त स्त्री कर्मचारी, आणि बाहेर पडताना लगेच अंगावर घ्यायला चादर किंवा गाऊन. लहान मूल आईपासून तोडू नका, दोघांना एकत्र धुवा. मंगळसूत्र, अंगठ्या, मोबाइल, पैसे पारदर्शक पिशवीत घालून त्याच नंबरची पट्टी रुग्णाच्या मनगटाला बांधा. मंगळसूत्र काढायला बाई तयार नसेल तर वाद घालण्यात मिनिटं घालवू नका. ते साबणाने नीट धुवा आणि पुढे सरका. सरावात हे संवाद खरोखर बोलून घ्या. "ताई, कपड्यांवर औषध सांडलंय, ते काढल्यावर जळजळ थांबेल, पडद्याआड मी एकटीच आहे," एवढं शांतपणे म्हणणारी सिस्टर दहा माणसांचं काम करते.

वाहून जाणाऱ्या पाण्याची चिंता नंतर. शक्य असेल तर साठवा, नाही तर महापालिकेला कळवा. त्यासाठी धुणं थांबवायचं नाही.

उपचारांचा भाग: रसायनं

डॉक्टरांना शेकडो रसायनं शिकवू नका, लक्षणांचे चार-पाच गट शिकवा. डोळ्यांच्या बारीक बाहुल्या, लाळ, घाम, छातीत घरघर हा एक गट. यात महाराष्ट्रातल्या ग्रामीण डॉक्टरांना शिकवण्यापेक्षा त्यांच्याकडून शिकावं असं माझं मत आहे. सरीन आणि शेतातली ऑरगॅनोफॉस्फरस कीटकनाशकं शरीरात एकाच एन्झाइमला पकडतात. यवतमाळला २०१७ मध्ये फवारणीतून विषबाधा झालेले शेतकरी ज्यांनी सांभाळले, त्यांना ॲट्रोपिन हा उतारा कुठवर द्यायचा हे पुस्तकाशिवाय कळतं: छाती कोरडी होईपर्यंत. बाहुल्यांकडे बघून डोस ठरवायचा नाही. साठ्याचं गणितही तेच सांगतील. आपल्याकडची ॲम्प्यूल ०.६ मिलिग्रॅमची. एखाद्या गंभीर रुग्णाला साठ मिलिग्रॅम लागलं तर त्या एकट्यालाच शंभर ॲम्प्यूल. तुमच्या फार्मसीत आज किती आहेत, हे हा परिच्छेद वाचून झाल्यावर मोजा.

क्लोरीन, अमोनियासारख्या वायूंत ओलसर प्राणवायू, श्वासनलिका सैल करणारी औषधं आणि विश्रांती. क्लोरीनचा रुग्ण बरा वाटतोय म्हणून घरी पाठवला आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरलं, असं होऊ शकतं. म्हणून निरीक्षणाचे बेड आधीच ठरवा. हायड्रोफ्लोरिक आम्लासाठी कॅल्शियम ग्लुकोनेट, सायनाइडसाठी उतारा, ही यादी परिसरातल्या कारखान्यांवरून बनवा.

किरणोत्सार: भीती मोठी, नियम सोपे

इथे आधी भीतीवर काम करावं लागतं. मी विचारते, "सीटी स्कॅन करून आलेल्या रुग्णाला हात लावता ना?" किरणांना सामोरा गेलेला माणूस स्वतः किरणोत्सारी होत नाही. अंगावर किरणोत्सारी धूळ असेल तरच प्रश्न, आणि तिथेही कपडे काढणं आणि धुणं हाच उपाय. जीवघेणी जखम असेल तर आधी ती, मोजणी नंतर. गाऊन, हातमोजे, मास्क, पायांना कव्हर एवढं बहुतेक वेळा पुरतं.

ज्या रुग्णालयात रेडिओथेरपी किंवा न्यूक्लिअर मेडिसिन आहे तिथे किरणोत्सार सुरक्षा अधिकारी आधीच नेमलेला असतो. आपत्तीच्या बैठकीला त्याला कुणी बोलावत नाही, ही गंमत मी अनेक ठिकाणी पाहिली. मोजणीचं यंत्र, किरणांची मात्रा नोंदवणारे बिल्ले आणि ज्ञान तिन्ही त्याच्याकडे. त्याच्याकडून पथकाला शिकवून घ्या: यंत्राची नळी त्वचेपासून एक-दोन सेंटिमीटरवर, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटरच्या संथ गतीने, स्पर्श न करता, आणि परिसराच्या नेहमीच्या मोजणीच्या दुप्पट आकडा आला की तिथे खूण. सरावासाठी वाण्याकडचं कमी सोडियमचं मीठ पुडीत बांधून कुणाच्या खिशात लपवा. त्यातल्या पोटॅशियममुळे चांगलं यंत्र हलकेच जागं होतं. डॉक्टरांना दोन नोंदी पक्क्या करायला लावा: पहिली उलटी नेमकी किती वाजता झाली आणि लिंफोसाइट्सचा (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा) आकडा दर काही तासांनी किती उतरतोय. आयोडीनच्या गोळ्या फक्त किरणोत्सारी आयोडीन बाहेर पडलं असेल तरच, तेही अधिकृत सूचना आल्यावर.

आणि असा रुग्ण सायरन वाजवत येईलच असं नाही. दिल्लीच्या मायापुरीत एप्रिल २०१० मध्ये विद्यापीठाने लिलावात काढलेल्या यंत्रातलं किरणोत्सारी कोबाल्ट-६० भंगारात फुटलं आणि एकाचा जीव गेला. ब्राझीलच्या गोइयानियात १९८७ मध्ये ओस पडलेल्या दवाखान्यातलं किरणोत्सारी सीझियम भंगारवाल्यांच्या हाती लागलं, तेव्हा सुरुवातीच्या काही रुग्णांना उष्णकटिबंधीय आजार समजून त्याच आजारांच्या रुग्णालयात ठेवलं होतं. न भाजता भाजल्यासारखी त्वचा, उलट्या, गळणारे केस आणि धंदा भंगाराचा, असं दिसलं तर शंका घ्यायला शिकवा.

गोइयानियाचा दुसरा आकडा गर्दीच्या नियोजनासाठी वापरा. तिथे १ लाख १२ हजारांहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली. बाधा सापडली २४९ जणांत. म्हणजे तुमच्या गेटवर येणारे बहुतेक लोक घाबरलेले असतील, आजारी नाही. त्यांच्यासाठी वेगळं मैदान, वेगळं टेबल, नावनोंदणी आणि शांतपणे बोलणारा माणूस हवा. शाळेचं पटांगण आधीच बोलून ठेवा.

जैविक आपत्तीत गेट कामाचं नाही

अशी आपत्ती, म्हणजे जंतूंची साथ, ओपीडीतून येते, तापाचा रुग्ण म्हणून, रांगेत बसून. केरळात मे २०१८ मध्ये निपाह पसरला तो मुख्यतः रुग्णालयांतून, अगदी तपासणीसाठी थांबलेल्या लोकांच्या कॉरिडॉरमधून. पेरांब्राच्या तालुका रुग्णालयातल्या लिनी सिस्टर त्यात गेल्या. साथ पकडली गेली ती एकाच घरातला दुसरा माणूस तशाच लक्षणांनी आला तेव्हा डॉक्टरांना खटकलं म्हणून, आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने निदानावर शिक्कामोर्तब केलं.

त्यामुळे इथलं प्रशिक्षण म्हणजे खटकण्याचं प्रशिक्षण. केसपेपरवर तीन प्रश्न छापून घ्या: घरात आणखी कुणी आजारी? कुठून प्रवास? काम काय करता? खोकणाऱ्याला दारातच मास्क, बसायला वेगळी जागा. शंका आली की जिल्हा साथरोग सर्वेक्षण अधिकाऱ्याला फोन; निदान पक्कं होण्याची वाट पाहायची नाही. चुकीची शंका घेतल्याबद्दल ज्युनिअर डॉक्टरला ओरडा बसला, तर पुढच्या वेळी तो गप्प बसेल.

सराव

आधी टेबलावर, नकाशा आणि बाटलीची झाकणं घेऊन. मग फक्त गेटचा, पंधरा मिनिटांचा. मग पूर्ण सराव, नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना रुग्ण बनवून. त्यांच्यातला एक बहिरा, एक परप्रांतीय मराठी न समजणारा, एक दारू प्यालेला आणि एक नगरसेवकाचा माणूस ठेवा. शेवटचा आत घुसतो की नाही हे आवर्जून बघा. वर्षातून एकदा न सांगता, रात्रपाळीत. आयसीयू आणि लेबर रूमला मात्र आधी कळवा.

घड्याळ लावून चार गोष्टी नोंदवा: पहिला रुग्ण दिसल्यापासून दार बंद व्हायला किती मिनिटं, पहिला माणूस सूट घालून उभा राहायला किती, पहिल्या रुग्णावर पाणी पडायला किती, आणि न धुतलेले किती जण आत शिरले. पहिल्या सरावात आमच्याकडे अकरा शिरले होते, त्यांतले दोघे स्टाफच होते. संपल्यावर लगेच, घाम पुसता पुसता, तिथेच गोल करून बोला आणि आधी मावशींना बोलू द्या. डॉक्टर एकदा बोलले की त्या बोलत नाहीत.

जिल्हा नियंत्रण कक्ष, अग्निशमन दल आणि जमल्यास पुण्याजवळच्या सुदुंबरे इथली एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) पाचवी तुकडी यांना एका सरावाला बोलवा. त्यांच्या गाड्या तुमच्या गेटमधून आत येतात का, हे त्या दिवशी कळलेलं बरं.

एक प्रश्न सरावाच्या दिवशी कागदावर निनावी विचारा: खरंच असं झालं तर तुम्ही ड्यूटीवर याल का? उत्तरं प्रामाणिक येतात. घरी लहान मूल आहे, सासू एकटी आहे, मला काही झालं तर कंत्राटी माणसाला कोण विचारतो. विमा, घरच्यांना निरोप देण्याची सोय, पाळी संपल्यावर अंघोळ आणि स्वच्छ कपडे, यांची लेखी हमी द्या आणि कंत्राटी लोकांची नावं त्याच कागदावर घ्या.

दर तीन महिन्यांनी सूट उघडून शिवणी बघा, फिल्टरवरची मुदत वाचा, ॲट्रोपिन मोजा, फाइलमधले फोन लावून बघा. कंत्राटदार बदलला की गेटवरचे वॉचमनही बदलतात. नवा माणूस आला त्याच आठवड्यात त्याचा एक तास घ्या.